सजीवांची वाटणी : साम्यापासून नात्यापर्यंत

मगर पालीच्या जवळची की कोंबडीच्या? अळंबी पालकाच्या जवळची की माणसाच्या? आफ्रिकेतल्या पाणथळीत राहणारा, फुप्फुसाने श्वास घेणारा मासा रोहूचा जवळचा नातलग की गाईचा? डोळ्यांना विचारले तर तिन्ही उत्तरे सोपी आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. मगर आणि कोंबडी यांचा समाईक पूर्वज हा मगर आणि पाल यांच्या समाईक पूर्वजापेक्षा अलीकडचा आहे. अळंबी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहे. आणि फुप्फुसमासा, पाण्यात राहत असला आणि अंगावर खवले असले तरी, वंशावळीत गाईच्या बाजूला बसतो.

‘सजीवांची विविधता’ हा शाळेतला धडा बहुतेकांच्या लक्षात राहतो तो पाठ केलेली यादी म्हणून : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वाघ आणि बिबट्या या दोन जाती, पँथेरा या एकाच प्रजातीतल्या. मार्जार कुल, मांसाहारी गण, सस्तन वर्ग. परीक्षेपुरते हे पुरते. पण ही यादी आकाशातून पडलेली नाही. ती अडीच हजार वर्षांच्या वादाची आजची स्थिती आहे, आणि त्या वादात तीन वेगळे प्रश्न गुंतले आहेत. सजीवांची एकमेकांशी नाती कोणती? मोजायचे एकक, म्हणजे जाती, नेमके काय आहे? आणि अशा जाती आहेत तरी किती? तिन्ही प्रश्नांचा आढावा घेतला की एक गोष्ट स्पष्ट होते : वर्गीकरणातली प्रत्येक रेघ हा नात्याविषयीचा एक दावा असतो. पुरावा बदलला की तो खोडता येतो, आणि तो चुकला तर त्याची किंमत प्रयोगशाळेच्या बाहेरही मोजावी लागते.

डोळ्यांनी केलेली वाटणी

ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे रक्त असलेले आणि नसलेले असे दोन मोठे भाग केले. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस याने वनस्पतींना वृक्ष, झुडपे, लहान झुडपे आणि रोपटी अशा गटांत बसवले. आपल्याकडे उपनिषदांत सजीवांची वाटणी जन्माच्या प्रकारावरून झाली : अंड्यातून, गर्भातून, घामातून आणि जमीन फोडून येणारे. चरकसंहितेत वनस्पतींचे चार गट आहेत. फुले न येता फळे धरणारी ती वनस्पती, फुले-फळे दोन्ही येणारी वानस्पत्य, फळ पिकले की मरणारी औषधी आणि पसरत जाणारी वीरुध.

यातला पहिला गट मोठा बोलका आहे. वड, पिंपळ, उंबर हे त्यात येतात, कारण त्यांची फुले कोणाला दिसत नाहीत. उंबराचे फूल मराठीत दुर्मीळपणाचे दुसरे नाव झाले ते यामुळेच. प्रत्यक्षात आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो त्याच्या आतच शेकडो बारीक फुले असतात, आणि त्यांचे परागीभवन आत शिरणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या करतात. निरीक्षण प्रामाणिक होते, पण फूल आत दडले होते. डोळ्यांनी केलेल्या सगळ्याच वर्गीकरणांची ही मर्यादा आहे.

पुढचा मोठा टप्पा अठराव्या शतकातला, स्वीडनच्या कार्ल लिनियसचा. त्याच्याआधी मलबारात एक मोठे काम होऊन गेले होते. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने केरळातल्या सातशेहून अधिक वनस्पतींची सचित्र माहिती गोळा करवली, आणि ‘हॉर्टस मलबारिकस’ या नावाने १६७८ ते १६९३ या काळात ती ॲमस्टरडॅममध्ये बारा खंडांत छापली गेली. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे वैद्य होते. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. या तिघांचे कोंकणी निवेदन ग्रंथात देवनागरी लिपीत छापलेले आहे. लिनियसने पुढे भारतीय वनस्पतींना नावे देताना या ग्रंथाचा भरपूर आधार घेतला. शास्त्रीय नावांचा इतिहास केवळ युरोपातल्या संग्रहालयांचा नाही, तो इथल्या वैद्यांच्या ज्ञानाचाही आहे.

लिनियसचे ‘सिस्टेमा नॅचुरे’ १७३५ मध्ये आले तेव्हा ते मोजक्या पानांचे होते. १७५३ मध्ये वनस्पतींसाठी आणि १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांसाठी त्याने दोन शब्दांची नावे पक्की केली. आंबा मँजिफेरा इंडिका झाला तो तेव्हापासून. नाव देण्याची ही पद्धत आजही टिकून आहे. वाटणी मात्र टिकली नाही. लिनियसने फुलांतले पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून वनस्पतींचे २४ वर्ग केले होते. ओळख पटवायला ही युक्ती सोयीची होती, पण तिच्यामुळे एरंड आणि पाइन एका पंगतीला येऊन बसले. ही व्यवस्था कृत्रिम आहे याची जाणीव त्यालाही होती. देवमाशांना त्याने आधी माशांत घातले होते, १७५८ मध्ये सस्तन प्राण्यांत आणले. ॲरिस्टॉटलने देवमासे आणि माशांतला फरक दोन हजार वर्षे आधीच नोंदवला होता, हे इथे सांगायला हवे.

साम्य म्हणजे नाते नव्हे

सजीव गटागटांत का बसतात, याचे उत्तर लिनियसकडे नव्हते. ते चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये दिले. त्याच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात आकृती एकच आहे : फांद्या फुटत जाणारी वंशावळ. गट असतात कारण पूर्वज समाईक असतात. त्यानंतर वर्गीकरणाचे काम ‘कोण कोणासारखा’ हे ठरवण्याऐवजी ‘कोण कोणाचा’ हे शोधण्याचे झाले.

हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत ते माळरानावरही दिसते. शेताच्या बांधावर वाढणारा त्रिधारी निवडुंग आणि फड्या निवडुंग दोघेही काटेरी, मांसल आणि जवळजवळ पर्णहीन. पण त्रिधारी निवडुंग इथला, एरंडाच्या कुळातला. कापला की पांढरा चीक येतो. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला, कॅक्टस कुळातला; त्याला असा चीक नाही. पाण्याच्या टंचाईने दोन वेगळ्या घराण्यांना एकच रूप दिले. उलट देवमासा आणि पाणघोडा दिसायला एकमेकांपासून दूर, पण आज जिवंत असलेल्या प्राण्यांत पाणघोडा हाच देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग आहे. या नात्यातले काही महत्त्वाचे दुवे भारतीय उपखंडातच सापडले. जम्मूमधल्या काळाकोटच्या खडकांतला मांजराएवढा इंडोहायस आणि कच्छमधला, आखूड पायांचा कच्छिसिटस ही त्यांपैकी दोन नावे.

नाते शोधायची काटेकोर पद्धत जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याने १९५० मध्ये मांडली. तिचा गाभा असा : दोन गटांत एखादे जुने लक्षण समान आहे याला महत्त्व नाही, त्यांच्याच पूर्वजात नव्याने आलेले लक्षण समान हवे. मगरीला आणि पालीला खवले आहेत, पण ती फार जुनी ठेव आहे. मगर आणि पक्षी यांच्यात मात्र चार कप्प्यांच्या हृदयासारख्या गोष्टी समान आहेत, आणि कवटीची ठेवण व जनुके हीच साक्ष देतात. हेनिगचा दुसरा नियम आणखी कडक होता. एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज असतील तोच खरा गट. या कसोटीवर पक्ष्यांना बाहेर ठेवणारा ‘सरपटणारे प्राणी’ हा गट टिकत नाही. चार पायांचे प्राणी वगळणारा ‘मासे’ हा गटही टिकत नाही. हे शब्द बोलण्यात राहतील, राहायलाच हवेत. बाजारात मासे घेताना हेनिगची गरज नाही. वंशावळ लिहिताना मात्र ते चालत नाहीत.

दिसत नाही तेच जास्त

वनस्पती आणि प्राणी या दोन सृष्टींना पहिला धक्का सूक्ष्मदर्शकाने दिला. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हॅन लेवेनहूक याने १६७० च्या दशकात पाण्याच्या थेंबात आणि पुढे दातांच्या किटणात वळवळणारे जीव पाहिले. त्यांना बसवायला जागाच नव्हती. लिनियसने अशा जिवांना कृमींच्या गटात, ‘गोंधळ’ अशा अर्थाच्या नावाखाली ढकलून दिले. जर्मनीच्या अर्न्स्ट हेकेलने १८६६ मध्ये त्यांच्यासाठी प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी सुचवली. विसाव्या शतकात याहून खोल भेद लक्षात आला : पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक आहे की नाही. जीवाणू आदिकेंद्रकी, अमिबापासून हत्तीपर्यंत बाकी सगळे दृश्यकेंद्रकी.

रॉबर्ट व्हिटाकर याने १९६९ मध्ये पाच सृष्टींची मांडणी केली : मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. पेशीचा प्रकार, शरीराची रचना आणि अन्न मिळवण्याची तऱ्हा या तीन कसोट्यांवर ती उभी होती. वनस्पती अन्न बनवतात, प्राणी गिळतात, कवके बाहेर पाचकरस सोडून अन्न शोषून घेतात. कवकांना वनस्पतींतून बाहेर काढणे ही या मांडणीची मोठी कमाई. पुढे जनुकांनीही तिला दुजोरा दिला. कवकांच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, तेच खेकड्याच्या कवचात आणि झुरळाच्या पाठीवर. शाळेत आजही हीच पाच सृष्टींची मांडणी शिकवतात, कारण ती समजायला सोपी आहे.

पण ती शिकवली जाऊ लागली तोवर तिचा पाया हलला होता. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूझ सगळ्या सजीवांत असणाऱ्या एका रेणूची अक्षरे ताडून पाहत होता. हा रेणू रायबोसोममध्ये असतो, आणि प्रथिने बनवण्याच्या कामात तो इतका मूलभूत आहे की फार सावकाश बदलतो. १९७७ मध्ये वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केले की मिथेन बनवणारे काही सूक्ष्मजीव दिसायला जीवाणूंसारखे असले तरी वंशाने जीवाणू नाहीत. जीवाणूंपासून ते इतके दूर आहेत की त्यांना वेगळे घराणे मानावे लागेल. १९९० मध्ये जीवाणू, आर्किया (म्हणजे हेच वेगळे घराणे) आणि दृश्यकेंद्रकी अशी तीन डोमेन्स मांडली गेली. वनस्पती, प्राणी आणि कवके या आपल्या तीन मोठ्या सृष्टी तिसऱ्या डोमेनच्या टोकावरच्या डहाळ्या ठरल्या.

आर्किया सुरुवातीला उकळत्या झऱ्यांत आणि खाऱ्या पाण्यात सापडले. आता ते माती, समुद्र आणि गाईच्या पोटातही आहेत हे माहीत आहे. महाराष्ट्राने त्यांना उघड्या डोळ्यांनी पाहिले ते जून २०२० मध्ये. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा आधी संशय शैवालावर होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले तेव्हा तो रंग मीठप्रिय आर्कियांचा निघाला. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले आणि ते फोफावले. पाऊस पडून पाणी वाढल्यावर रंग ओसरला.

मग दृश्यकेंद्रकी पेशी आली कुठून? लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये जुनी, हेटाळली गेलेली कल्पना पुराव्यांसह पुढे आणली : पेशीतल्या तंतुकणिका आणि हरितलवके हे कधीकाळी स्वतंत्र जगणारे जीवाणू होते, दुसऱ्या पेशीने गिळले आणि ते तिथेच राहिले. दोघांकडेही आजही स्वतःचा डीएनए आहे, हा त्याचा सर्वांत बळकट पुरावा. गिळणारी पेशी कोणाची होती याचे उत्तर २०१५ नंतर स्पष्ट होऊ लागले. ग्रीनलँड आणि नॉर्वे यांच्या मधल्या समुद्रतळावर ‘लोकीज कॅसल’ या उष्ण विवरांजवळच्या गाळात अशा आर्कियांची जनुके सापडली, ज्यांत फक्त दृश्यकेंद्रकी पेशींतच असतात असे वाटणारी कित्येक जनुके होती. २०२० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी बारा वर्षांच्या खटाटोपानंतर त्यांचा एक नातलग प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. त्यामुळे आज अनेक अभ्यासक मूळ डोमेन्स दोनच मानतात. आपण सगळे आर्कियांच्या एका फांदीवर उगवलो, आणि आपल्या पेशींत जीवाणू सामावून घेतले.

या पातळीवर वंशवृक्ष हे चित्रही अपुरे पडते. जीवाणू आपली जनुके शेजाऱ्याला, अगदी परक्या वंशाच्या शेजाऱ्यालाही, देतात. प्रतिजैविकांना न जुमानण्याची क्षमता रुग्णालयांत इतक्या वेगाने पसरते ती याच देवाणघेवाणीमुळे. आणि विषाणू? त्यांना पेशी नाही, रायबोसोम नाही, सगळ्यांना समान असलेला एकही जनुक नाही. त्यांचे वर्गीकरण स्वतंत्रपणे होते आणि तेच योग्य आहे.

जाती : एककाचाच प्रश्न

वरच्या पातळ्यांवर वाद असले तरी जाती तरी पक्की असेल असे वाटते. १९४२ मध्ये अर्न्स्ट मायर याने दिलेली व्याख्या आजही सर्वाधिक वापरात आहे : आपापसांत प्रजनन करणारे आणि इतरांपासून प्रजननाने वेगळे असलेले समूह म्हणजे जाती. काळा बिबट्या आणि ठिपक्यांचा बिबट्या एकाच विणीत जन्मू शकतात, जाती एकच. हापूस, पायरी आणि केशर एकाच जातीतले. सोपे उदाहरण घेतले की व्याख्या चालते.

अवघड उदाहरणे मात्र थोडी नाहीत. जीवाणूंत अशा प्रकारचे प्रजननच नाही. जीवाश्मांचे प्रजनन तपासता येत नाही. वनस्पती तर जातींच्या सीमा ओलांडून नव्या जाती घडवतात. आपल्या पोळीचा गहू हा असाच. खपली गव्हाच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात, पोळीच्या गव्हात ४२. काही हजार वर्षांपूर्वी लागवडीतल्या २८ गुणसूत्री गव्हाचा एका रानगवताशी संकर झाला, दोघांची गुणसूत्रे एकत्र राहिली आणि नवी जाती तयार झाली. तिला लाखो वर्षे लागली नाहीत.

पक्ष्यांतले प्रसिद्ध उदाहरण ग्रीनिश वॉर्बलरचे. हिवाळ्यात हा चिमुकला हिरवट पक्षी भारतात उतरतो. तो विणीसाठी हिमालयापासून तिबेटच्या पठाराला दोन्ही बाजूंनी वळसा घालून सैबेरियापर्यंत पसरला आहे. शेजारच्या समूहांत गाणे थोडेथोडे बदलत जाते; पण सैबेरियात दोन्ही टोके भेटतात तेव्हा ते एकमेकांचे गाणे ओळखत नाहीत आणि सहसा जोडी जमवत नाहीत. मग ही जाती एक की दोन? २०१४ च्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की ही साखळी पूर्वी काही ठिकाणी तुटलेलीही होती. म्हणजे पाठ्यपुस्तकातले हे आवडते उदाहरणही वाटले तितके सरळ नाही. उत्क्रांती चालू असेल तर अशी अर्धवट फुटलेली नाती सापडायलाच हवीत. ती डार्विनच्या विरुद्धचा नव्हे, बाजूचा पुरावा आहे.

दुसरी अडचण लपलेल्या जातींची. भारतभर गळ्याची रंगीत पिशवी फुगवणारा सरडा दीर्घकाळ मुख्यतः एकाच नावाखाली मोडत होता. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी आकार, हाडे आणि जनुके ताडून त्याची फोड केली, आणि एका नव्या प्रजातीला मराठीतलेच ‘सरडा’ हे नाव दिले. तिच्यातला सरडा सुपर्बा सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावरून वर्णन केला गेला. इतकी माणसे ज्या पठारावर येतात-जातात तिथला निळा-काळा-केशरी गळ्याचा हा ठळक सरडा विज्ञानाला तोवर वेगळा म्हणून माहीत नव्हता. आंबोलीच्या परिसरातून २००३ मध्ये देवगांडुळाची आणि २००९ मध्ये एका भेकाची नवी जाती नोंदवली गेली, तेही असेच.

मोजदाद

आजपर्यंत सुमारे २० लाख जातींना नावे दिली गेली आहेत. त्यांतले निम्म्याच्या आसपास कीटक, आणि कीटकांत सर्वाधिक भुंगे : सुमारे चार लाख. सपुष्प वनस्पती तीन लाखांहून अधिक, पक्षी सुमारे ११ हजार, सस्तन प्राणी साडेसहा हजारांच्या आसपास. भारतात भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या यादीत एक लाखाहून अधिक प्राणिजाती आहेत. या आकड्यांतही एकच जीव दोनदा नोंदला गेल्याच्या चुका असतात, म्हणून यादी वाढते तशी कधी कमीही होते.

एकूण किती याचे अंदाज मात्र पद्धतीप्रमाणे बदलतात. टेरी अर्विन याने पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचा धूर सोडून खाली पडलेले भुंगे मोजले. सुमारे १,२०० जाती निघाल्या. त्यावरून गणित करत १९८२ मध्ये त्याने संधिपाद प्राण्यांच्या तीन कोटी जाती असतील असे म्हटले. २०११ मध्ये कॅमिलो मोरा आणि सहकाऱ्यांनी वर्गीकरणाच्या वरच्या पातळ्यांतला क्रम पाहून दृश्यकेंद्रकी जातींचा अंदाज ८७ लाख काढला, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने पृथ्वीवरच्या ८६ टक्के जातींना नावच नव्हते. कवकांच्या दीड लाखांच्या आसपास जाती ज्ञात आहेत, पण अंदाज २२ ते ३८ लाखांचा आहे. जीवाणू-आर्कियांची रीतसर नावे वीस-पंचवीस हजारांच्या घरात. त्यांच्या अंदाजांत हजारो पटींची तफावत आहे, कारण तिथे एककच पक्के नाही. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय अहवालातला ‘दहा लाख जाती धोक्यात’ हा गाजलेला आकडाही नावे वाचून मोजलेला नाही. अभ्यासलेल्या गटांतले धोक्याचे प्रमाण एकूण अंदाजाला लावून तो काढला आहे. धोका खरा आहे, पण आकडा कसा आला हे माहीत असलेले बरे.

जातींऐवजी वजन मोजले तर जगाचे चित्र पालटते. २०१८ च्या एका मोजणीनुसार सगळ्या सजीवांतला कार्बन सुमारे ५५० गिगाटन. त्यात वनस्पती ४५०, जीवाणू ७०, कवके १२, आर्किया ७, प्रोटिस्ट ४ आणि सगळे प्राणी मिळून २. माणसे ०.०६, रानातले सगळे सस्तन प्राणी त्याच्याही सुमारे एक-नवमांश. जातींच्या यादीत प्राण्यांचा वरचष्मा आहे, कार्बनच्या यादीत ते तळाशी आहेत.

जातीच्या आत आणि जातीच्या पलीकडे

जातींची संख्या म्हणजे विविधता, असे समीकरण रूढ झाले आहे. ते अपुरे आहे. जातीच्या आतला जनुकीय फरक हा विविधतेचा पहिला थर. कोकणातला रायवळ आंबा कोयीपासून उगवतो, म्हणून प्रत्येक झाड वेगळे : एक गोड, एक आंबट, एक रेषाळ. हापूस कलमावर वाढतो. बागेतली सगळी झाडे जनुकीय दृष्ट्या जवळजवळ एकच. चवीची खात्री मिळते, पण एकाला जो रोग बाधतो तो सगळ्यांना बाधू शकतो. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे राखले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्यामागचे जीवशास्त्र हेच आहे.

हा आतला फरक जिवावरही बेतू शकतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषाविरुद्धचे प्रतिविष भारतात बनते. त्यासाठीचे विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. राजस्थानातले फुरसे चावलेल्या रुग्णांवर हे प्रतिविष कमी पडल्याचा अनुभव तिथल्या डॉक्टरांनी नोंदवला आहे. नाव तेच आणि विष वेगळे, अशी ही स्थिती.

सगळ्या जाती सारख्याच वजनाच्या आहेत हेही खरे नाही. केरळातल्या इडुक्कीतून २००३ मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसुइट यांनी वर्णन केलेला जांभळा बेडूक, नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस, आपला जवळचा नातलग थेट सेशेल्स बेटांवर बाळगतो. त्यांची ताटातूट दहा कोटी वर्षांहून जुनी, भारत आणि सेशेल्स एकाच भूखंडात होते त्या काळातली. अशी एक जाती गेली तर वंशवृक्षाची अख्खी फांदी जाते. नुकत्याच फुटलेल्या दहा जातींतली एक गेली तर तेवढे जात नाही.

तिसरा थर परिसंस्थेचा, म्हणजे जातींमधल्या संबंधांचा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या जवळजवळ एक-चतुर्थांश होती, आणि सुपर्बा सरडे मात्र दाट होते; शिवाय ते माणसाला कमी घाबरत होते. पवनचक्कीने सरड्याला हातही लावला नाही. तिने वरचा शिकारी हटवला आणि खालची गणिते बदलली. जातींची यादी दोन्ही भागांत तीच, व्यवस्था निराळी.

रेघ चुकली तर

जाती ओळखणे हा संग्रहालयातला छंद आहे असे ज्यांना वाटते त्यांनी डासांचा इतिहास वाचावा. युरोपात एक कोडे होते : ॲनॉफिलिस डास भरपूर, पण काही प्रदेशांत मलेरिया नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांत उलगडले की तो एक डास नसून सारख्या दिसणाऱ्या कित्येक जाती आहेत, आणि त्यांतल्या काहीच माणसाला चावून रोग पसरवतात. भारतात ग्रामीण मलेरियाचा मुख्य वाहक ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस. तोही पाच जातींचा संच निघाला. प्रौढ डास डोळ्यांना वेगळे ओळखता येत नाहीत. गुणसूत्रांवरचे पट्टे पाहून ओळखावे लागतात. त्यांतला ‘बी’ मुख्यतः गुराढोरांना चावतो आणि रोग जवळजवळ पसरवत नाही, तर ‘ई’ चांगला वाहक आहे. त्यांची कीटकनाशकांना दाद देण्याची तऱ्हाही वेगळी. कोणत्या गावात फवारणी करायची हा पैशांचा आणि जिवांचा प्रश्न अशा वर्गीकरणावर अवलंबून आहे.

गिधाडांचे उदाहरण याहून कडू. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे १९९० च्या दशकापासून भारतातली गिधाडे कोसळली; पांढऱ्या पाठीची गिधाडे तर ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. लांब चोचीची गिधाडे तोवर एकाच जातीत मोजली जात. २००१ च्या सुमारास ती दोन जाती असल्याचे दाखवले गेले : दख्खनच्या कड्यांवर घरटी करणारी एक, आणि हिमालयाच्या पायथ्याशी व ईशान्येकडे झाडांवर घरटी करणारी सडपातळ चोचीची दुसरी. दुसरीची संख्या आधीच थोडी होती. ती वेगळी म्हणून मोजली जाऊ लागली ती नाहीशी होत असतानाच. २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, आणि पैदास केंद्रांत आता या दोन्ही जाती वेगवेगळ्या जपल्या जातात. आफ्रिकी हत्तींचेही असेच झाले. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्यांचे मूल्यमापन प्रथमच दोन जाती म्हणून केले, आणि जंगलातला हत्ती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. एका सरासरीखाली ही घसरण झाकली गेली होती.

याची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक डोंगराला, प्रत्येक जनुकीय फरकाला नवी जाती देण्याचा मोह वाढतो आहे. २००३ मध्ये कॅनडाच्या पॉल हिबर्ट याने एका ठरावीक जनुकाच्या तुकड्यावरून जाती ओळखण्याची पद्धत मांडली आणि काम वेगवान झाले. पण त्या एका तुकड्यावर विसंबून केलेली फोड कधीकधी टिकत नाही. चांगला वर्गीकरणतज्ज्ञ म्हणूनच जनुक, आकार, आवाज, वागणूक आणि अधिवास असे अनेक पुरावे एकमेकांशी जुळतात का ते पाहतो. असे तज्ज्ञ घडायला वर्षे लागतात, आणि त्यांच्या कामाला निधी कमी मिळतो.

आज कुठे आहोत

आढाव्याचा ताळेबंद मांडायचा तर असा : सजीवांचा वंश एक आहे याबद्दल वाद नाही, पेशी, जनुकीय लिपी आणि रायबोसोम यांची साक्ष एकमुखी आहे. मोठ्या फांद्या बऱ्याच स्पष्ट झाल्या आहेत, मुळाजवळ अजून गुंता आहे. जाती ही प्रत्यक्षातली गोष्ट आहे, पण तिची कडा सगळीकडे सारखी धारदार नाही. आणि नाव नसलेल्यांची संख्या नाव असलेल्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे.

यातून दोन कामे पुढे येतात. पहिले नोंदीचे. २०२० मध्ये आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातून एका लहान माशाचे नवी जाती म्हणून वर्णन झाले, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. नावामुळे संरक्षण मिळाले. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक समितीने लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेसाठी अनेक वर्षे काम केले. ती नोंदवही कागदी सोपस्कार म्हणून भरली तर निरुपयोगी. गावातले गुराखी, मासे धरणारे आणि रानभाज्या ओळखणाऱ्या बायका यांच्याकडून भरली तर तिच्यात इट्टी अच्युतन आणि त्या तीन कोंकणी वैद्यांच्या तोडीचे ज्ञान येऊ शकते.

दुसरे काम शिकवण्याचे. पाच सृष्टींचा तक्ता वर्गातून काढून टाकण्याची गरज नाही. त्याच्याखाली एक रकाना वाढवावा : हा गट कोणत्या पुराव्यावर उभा आहे, आणि काय सापडले तर तो मोडेल? कवके वनस्पतींतून का निघाली, आर्किया जीवाणूंपासून का वेगळे झाले, मगर कोणाच्या बाजूला का गेली, हे विद्यार्थ्याने पुराव्यासह सांगितले तर त्याला वर्गीकरण समजले. सृष्टी, संघ, वर्ग ही साखळी न अडखळता म्हणणाऱ्याला फक्त नावे येतात.